तात्पर्याची चौकट

शब्बाथ शाळेच्या, म्हणजे ख्रिस्ती मुलांच्या रविवारच्या बायबल-शाळेच्या, पुस्तकात प्रत्येक पाठाच्या शेवटी एक चौकट छापलेली असते. वर मथळा, ‘या पाठातून आपण काय शिकलो?’ आणि खाली दोन-तीन ओळी. घरचा वाटा घेऊन, तो उधळून, शेवटी बापाकडे परतणाऱ्या धाकट्या मुलाची गोष्ट येशूनं सांगितली आहे. मी शिकवत होते त्या पुस्तकात या उधळ्या पुत्राच्या दाखल्याखाली लिहिलं होतं: आईवडिलांचं ऐकावं, पैसा जपून वापरावा, चूक झाली तर क्षमा मागावी. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत २२ वर्षं मी रविवारी सकाळी मुलांना शिकवते आहे. त्यातली निम्मी वर्षं ही चौकट मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेतली आणि पाठ झाली की तास संपला असं धरलं.

एका रविवारी तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, “बाई, मग मोठा भाऊ आत गेला का?”

आमच्या पुस्तकात मोठा भाऊ नव्हताच. धाकटा घरी आला, बापानं मिठी मारली, मेजवानी झाली, इथं पाठ संपत होता. या पोरानं सगळी गोष्ट आजीकडून ऐकलेली होती. मोठा भाऊ शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकून चाकराला विचारतो, रागावतो, आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो बापाला सुनावतो, की इतकी वर्षं तुमची चाकरी केली, पण मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. बाप उत्तर देतो, आणि गोष्ट तिथंच थांबते. बायबलात येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून मी त्या मुलाला दाखवलं. मोठा भाऊ आत गेला की नाही, हे लिहिलेलं नाही. उरलेला तासभर तो पोरगा गप्प होता. मध्येच म्हणाला, “माझ्या दादाला सांगितलं तर तो आत जाणार नाही.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “रात्री जाईल कदाचित. भूक लागल्यावर.”

ही गोष्ट येशूनं कुणाला सांगितली, तेही त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे. हा माणूस पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला जेवतो, अशी कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे यहुद्यांमधले कर्मठ आणि धर्मपंडित, समोर होते. मोठा भाऊ म्हणजे तेच. येशूनं त्यांना दारात उभं केलं आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. आम्ही शिक्षकांनी मात्र मोठ्या भावाला पुस्तकातून उचलून बाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी ‘पैसा जपून वापरावा’ आणून बसवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना येशूच्या जीवनातल्या गोष्टी सांगायच्या तर पुऱ्या सांगाव्यात, त्यांच्या मातीसकट सांगाव्यात, आणि तात्पर्य काढून हातात ठेवू नये. गोष्ट मुलाजवळ राहू द्यावी. ती आपलं काम करते, कधी लगेच, कधी तीस वर्षांनी.

यावर आमच्याच मंडळीतले लोक हरकत घेतात आणि ती हरकत पोकळ नाही. ते म्हणतात, येशूनं स्वतः पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ फोड करून सांगितला नाही का? सांगितला. मार्काच्या चौथ्या अध्यायात वाटेवर पडलेलं बी म्हणजे काय, खडकाळीवरचं काय, काटेरी झुडपांतलं काय, सगळं उलगडलेलं आहे. पण कधी, हेही तिथंच आहे. लोकांची गर्दी पांगल्यावर, शिष्यांनी विचारल्यावर. प्रश्न आधी आला. दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीत यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला दोघे टाळून जातात आणि तिसरा, यहुद्यांनी हीन मानलेल्या शोमरोनी लोकांतला, उचलतो. तिथं तर ‘माझा शेजारी कोण?’ या शास्त्र्याच्या प्रश्नाला येशू गोष्ट सांगतो आणि उलट त्यालाच विचारतो, की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? त्या शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही, तो म्हणतो, ‘ज्यानं दया केली तो.’ ‘तूही तसंच कर’ हे येशू शेवटी म्हणतो खरं, पण उत्तर त्या माणसाच्या तोंडून काढून घेतल्यावर. आमच्या चौकटीत उत्तर आधी छापलेलं असतं. मुलानं फक्त घोकायचं.

रविवारच्या शाळेचा जन्मच शिस्तीच्या पोटी झाला, हे समजून घेतलं तर चौकटीचा एवढा राग येणार नाही. १७८०च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी अशा शाळा सुरू केल्या, तेव्हा तिथली गरीब मुलं आठवड्याचे सहा दिवस कामावर राबत आणि रविवारी रस्त्यावर हुंदडत. त्यांना अक्षरओळख व्हावी, वळण लागावं हा हेतू होता. बायबल हेच वाचनाचं पुस्तक आणि प्रश्नोत्तरं हीच रीत. फार मोठं काम होतं ते. पुढे अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं आणि आमच्या पणज्यांना अक्षरं मिळाली ती अशाच शाळांतून. त्या ऋणाची मला पुरती जाणीव आहे. पण वळण लावण्यासाठी बनवलेलं साधन गोष्ट सांगायला वापरलं, की गोष्टीचं सूत्र होतं आणि येशूचा शाळामास्तर.

आणि मराठीत गोष्ट सांगायची दुसरी रीत नव्हती असंही नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातच राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, ओव्या दहा हजारांवर. त्यातलं दुसरं पुराण म्हणजे येशूचं चरित्र. हे काव्य काळोख्या काळात लिहिलं गेलं, हे सांगितलंच पाहिजे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडल्याबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं, देवळं पाडली गेली होती, लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. पण त्या काव्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला तुमचं पुराण का देत नाही? प्रश्नोत्तरांची पुस्तकं त्याच्यापाशी होतीच. त्याला पुराण हवं होतं. सांजवेळी बसून ऐकावं, मध्ये कुणी शंका काढावी, सांगणाऱ्यानं तिचं निरसन करावं, असं काहीतरी. स्टीफन्सनं ते ओळखलं आणि श्रोत्यांच्या शंकाच काव्यात घातल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला काय कमी पडत होतं, ते माझ्या वर्गातल्या पोरांना आज कमी पडतं आहे.

आमच्या नगरकडे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजलं तेही याच भुकेपोटी. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार टाळ-मृदंगासह येशूचं आख्यान लावत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूला मराठी भजनात आणलं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण आधीची भाषा साध्या बायांना जड जात होती. १९२२ मध्ये मरण जवळ आलं असतानाही त्या मुद्रितं तपासत होत्या. एवढी पुंजी घरात असताना आम्ही बाहेरून आलेल्या पाठ्यक्रमाचं उरकलेलं भाषांतर मुलांना देतो. त्यातली मुलं बर्फात खेळतात, सफरचंदाचं लोणी लावलेला पाव खातात, आणि चित्रातल्या येशूचे डोळे निळे असतात.

खरं तर या गोष्टी आमच्या मुलांइतक्या लवकर फार थोड्या मुलांना कळत असतील. गव्हाणी त्यांनी पाहिलेली आहे. बाळंत्यात गुंडाळलेलं पोर पाहिलेलं आहे. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे आमच्या शिवारात उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, रात्री राखण चालते. ‘रानात राहून रात्री कळप राखणारे मेंढपाळ’ म्हटल्यावर मुलांना चित्र दाखवावं लागत नाही. मेंढरं आणि शेरडं एकाच कळपात चरतात आणि संध्याकाळी निवडून वेगळी करतात, हेही ती बघतात. जक्कय या जकातदाराची गोष्ट घ्या. हा बुटका माणूस येशूला पाहण्यासाठी झाडावर चढतो, आणि मराठी बायबलमध्ये ते झाड उंबराचं आहे. पॅलेस्टाईनमधलं ते झाड खरोखरच आपल्या उंबराचं भाऊबंद आहे, तशीच खोडाला लगडलेली फळं, तसाच खाली वाकलेला पसारा. बुटक्या माणसाला चढायला ते का सोपं, हे कोणतंही खेडेगावातलं पोर सांगेल. पुस्तकात मात्र जक्कयाच्या पाठाखाली ‘खोटेपणा करू नये’ एवढंच.

नाताळाचंच बघा. पाथर्डी-शेवगावकडची आणि बीडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या वर्गातलीही काही मुलं डिसेंबरात इथं नसतात, कारखान्याच्या शिवारात कोपीत असतात. सरकारच्या हुकमावरून नावनिशी करायला निघालेलं एक गरीब जोडपं, बाई दिवस भरलेली, उतारशाळेत जागा नाही, बाळ जनावरांच्या गव्हाणीत. हे ज्या मुलीच्या आईनं कोपीत बाळंतपण काढलं आहे तिला समजावून सांगायचं काय? ती मला समजावेल. पण आमच्या नाटकात मरिया निळी रेशमी साडी नेसते, आणि ऊसतोडीच्या पोरांना, ती तालमीला येत नाहीत म्हणून, भूमिका मिळत नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांखालची मुलं मारतो आणि योसेफ रातोरात आई-बाळाला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळतो. तो भाग आम्ही नाटकातून काढला, सणाच्या दिवशी नको म्हणून. येशू लहानपणी परक्या देशात जिवासाठी गेलेलं पोर होता, हे आमच्या मुलांना कळतच नाही.

शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते मराठी ख्रिस्ती मुलांसाठी सबंध बायबलात याहून जवळची गोष्ट नाही. योहानाचा चौथा अध्याय. भर दुपार. येशू चालून थकला आहे, याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले आहेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. येशू म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती दचकते. तुम्ही यहूदी, मी शोमरोनी, आणि तुम्ही माझ्याकडे पाणी मागता? मग ती म्हणते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे.

पाठाचं शीर्षक असतं ‘जिवंत पाणी’, आणि चौकटीत लिहिलेलं असतं, की येशू आपल्याला जिवंत पाणी देतो. तेही त्या अध्यायात आहेच. पण आधी येशूला तहान लागली आहे. त्याच्यापाशी पोहरा नाही. म्हणजे प्यायचं तर त्या बाईच्या भांड्यातून प्यायचं. यहुद्यांच्या रीतीनं ते भांडंच विटाळलेलं. हे वाक्य महाराष्ट्रात, त्यातही आमच्यासारख्यांच्या घरात, काय अर्थाचं आहे ते बाहेरच्या पाठ्यक्रमाला कसं कळणार? नगर जिल्ह्यातल्या आमच्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग वाड्यांतून उभ्या राहिल्या. आमच्या आज्या-पणज्या गावाच्या पाणवठ्याकडेला घागर घेऊन कुणी वरून ओतील याची वाट पाहत उभ्या राहिल्या. जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद खुला केला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, आणि त्याच्या मागे-पुढे किती गावांत किती बायकांनी किती वाट पाहिली असेल. माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा एका जागी नेहमी थांबायची. म्हणायची, “अगं, त्यानं मागितलं. तिच्याकडं. तिच्या घागरीतलं.” एवढंच. पुढचं ती सांगायचीच नाही कित्येकदा.

मी मोठेपणी तो अध्याय नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की येशू पाणी प्याला की नाही, हे योहानानं लिहिलेलंच नाही. बाई घागर तिथंच टाकून गावात धावत जाते. मुलांना मी आता विचारते, घागर का टाकली असेल? एका मुलीनं सांगितलं, “त्याला प्यायला राहू द्यावी म्हणून.” मोठमोठ्या टीकाग्रंथांत मी असं उत्तर वाचलेलं नाही, आणि मला ते पटतं.

शोमरोनी लोक म्हणजे गोष्टीतलं काल्पनिक कुणी नव्हे, हेही मुलांना सांगावं. आजही पॅलेस्टाईनमध्ये नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर आणि इस्राएलात तेल अवीवजवळच्या होलोन शहरात मिळून त्यांची सुमारे ८०० माणसं राहतात. आणि यहूदी तर आपल्या शेजारचेच. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल घरात मराठी बोलत. पुण्याचं लाल देऊळ हे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर. येशू यहूदी होता, मरिया यहूदी होती, बारा शिष्य यहूदी होते, येशू लहानपणी सभास्थानात जाऊन यहुद्यांचीच शास्त्रं शिकला, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही. ती एवढंच म्हणतात, की ‘यहुद्यांनी येशूला मारलं’. या एका वाक्यानं युरोपात शतकानुशतकं केवढा रक्तपात घडवला! वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, ती रोमी सुभेदार पिलातानं दिली, खिळे रोमी शिपायांनी ठोकले. सगळ्या यहूदी जातीवर हा दोष ठेवता येत नाही, असं कॅथलिक धर्मसभेनं १९६५ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं. आमच्या वर्गातही ते स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. लहान मुलाच्या मनात एका जातीबद्दल विष पेरून आपण त्याला प्रेमाची गोष्ट सांगतो आहोत, हे मला सोसत नाही.

वधस्तंभाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर माझं मत कडक आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, रक्तबंबाळ चित्रपट दाखवू नये. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ‘तू पाप केलंस म्हणून येशूला खिळे ठोकले’ हे वाक्य लहान मुलाला कधीही म्हणू नये. हे मी स्वतः म्हटलेलं आहे. सहा वर्षांची एक मुलगी त्यानंतर आठवडाभर रात्री उठून रडत होती. तिनं घरी साखर चोरून खाल्ली होती. तिची आई मला भेटायला आली, रागानं नव्हे, काळजीनं, आणि म्हणाली, “बाई, तिला सांगा ना, तिच्यामुळं नाही मेला.” मी त्या मुलीला जवळ बसवून सांगितलं. पण एकदा मनात गेलेलं वाक्य काढायला फार वेळ लागतो. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे आणि तो मूल मोठं होईल तसतसा त्याच्यापुढे उलगडावा. सहाव्या वर्षी त्याला एवढं पुरे, की येशू चांगला होता, काही बलवान माणसांना त्याची भीती वाटली, त्यांनी त्याला मारलं, त्याची आई तिथं उभी होती, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बाया कबरेकडे गेल्या तर दगड लोटलेला होता. शुक्रवारची गोष्ट शुक्रवारी सांगून मुलाला रविवारपर्यंत अंधारात ठेवू नये. दोन्ही एका बैठकीत सांगावं.

चमत्कारांचं काय करावं, असं तरुण शिक्षक विचारतात. शाळेत विज्ञान शिकलेली मुलं प्रश्न करतात. पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली, हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे, एवढा तो पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या जिव्हाळ्याचा होता. काही जण हल्ली त्याची सोडवणूक करून टाकतात, की लोकांनी लपवलेली शिदोरी बाहेर काढली आणि वाटून खाल्ली. मग चौकटीत येतं, ‘वाटून खावं’. मला ही पळवाट वाटते. मी मुलांना जे लिहिलं आहे तेच सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे हेही सांगते. कुणाला शंका असेल तर शंका राहू देते. योहान तेवढा एक बारकावा देतो, की त्या भाकरी एका मुलाच्या होत्या आणि त्या जवाच्या होत्या. जव हे गरिबाचं धान्य. तिथं आमच्याकडची बाजरी समजा. त्या मुलाचं नाव नाही, त्याला कुणी शाबासकी दिल्याचं लिहिलेलं नाही. माझ्या वर्गात त्याच्याबद्दलच सर्वात जास्त बोलणं होतं. त्याला विचारून घेतल्या का भाकरी? घरी आई रागावली असेल का? उरलेल्या बारा टोपल्यांतलं त्याला काही मिळालं का? पाच हजारांचा हिशेब कुणी विचारत नाही.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येते. या गोष्टी ख्रिस्ती नसलेल्या मुलांना सांगाव्यात का, आणि कुठे? सरकारच्या पैशानं पूर्ण चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं २८वं कलम सांगतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हे कलम मिशनच्या शाळांनाही लागू आहे. मी त्याच्या पूर्णपणे बाजूची आहे. गोष्टीबरोबर हात जोडायला लावणं, प्रार्थना पाठ करून घेणं, खाऊच्या किंवा दप्तराच्या आमिषानं मुलं गोळा करणं हे मला चुकीचं वाटतं. त्यात त्या मुलाच्या आईबापांचा अपमान आहे आणि येशूचाही. यरीहोच्या उतारावर शोमरोन्यानं जखमी माणसाला उचललं, तेव्हा त्यानं त्याच्याकडून काही वदवून घेतलं नव्हतं.

पण धर्मशिक्षण वेगळं आणि धर्मांची ओळख वेगळी. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मान्य केला, की निरनिराळ्या धर्मांबद्दल शिकवायला संविधानाची आडकाठी नाही. महाराष्ट्रातलं मूल ध्रुवाची गोष्ट ऐकतं, एकलव्याची ऐकतं, तुकोबांच्या गाथेची ऐकतं, आणि माझ्या वर्गातली मुलंही शाळेत ती आवडीनं ऐकून घरी येतात. मग त्याच वर्गात बसणाऱ्या ख्रिस्ती मुलाच्या घरची गोष्ट इतर मुलांना कुठं भेटते? डिसेंबरात लाल टोपी घालून चॉकलेट वाटणारा म्हातारा त्यांना ठाऊक असतो. येशू कोण, असं विचारलं तर तो म्हातारा, असं सांगणारी मुलं मला भेटली आहेत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या आतबाहेर. एवढ्या थोड्या लोकांबद्दल शेजाऱ्यांना काही ठाऊक नसलं की ती जागा संशय भरून काढतो. आज आमच्या वर्गाच्या दारात कुणी अनोळखी माणूस थांबला की मोठी मुलं एकमेकांकडे बघतात. मला ते बघवत नाही. म्हणून मी म्हणते, दयाळू शोमरोन्याची गोष्ट मराठीच्या पाठ्यपुस्तकात इतर संतांच्या आणि महापुरुषांच्या गोष्टींशेजारी यावी, प्रार्थनेशिवाय, चौकटीशिवाय, निव्वळ एक जुनी आणि देखणी गोष्ट म्हणून. आणि आमच्या मुलांनाही रविवारी कुणी शेजारधर्मानं नामदेवांची, कबीराची, गुरू नानकांची गोष्ट सांगावी. मंडळीत मी श्रद्धेनं सांगेन, शाळेत शिक्षकानं ओळख म्हणून सांगावी, आणि कुठं काय चाललं आहे हे आईबापांना ठाऊक असावं. एवढं पाळलं तर भिण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या मंडळीत जूनपासून नवी पुस्तकं यायची आहेत आणि समितीत मलाही बोलावलं आहे. मी दोनच गोष्टी मागणार आहे. एक, प्रत्येक गोष्ट शुभवर्तमानात जिथं संपते तिथंच संपावी, आधी नाही. दुसरं, चौकट ठेवायचीच असेल तर कोरी ठेवावी. गेल्या वर्षी मी पुस्तकांवर पांढरा कागद चिकटवून हे करून पाहिलं. मुलांनी त्यात चित्रं काढली. मोठा भाऊ आत गेला का, असं विचारणारा तो मुलगा आता पाचवीत आहे. त्यानं घर काढलं, खिडकीत दिवे काढले, आतली माणसं नुसत्या रेघोट्यांनी दाखवली. अंगणात मोठा भाऊ दगडावर बसलेला, आणि त्याच्याजवळ खाली जमिनीवर त्याचा बाप. मी विचारलं, हे दोघं आत कधी जाणार? तो म्हणाला, “माहीत नाही बाई. पण बाप एकटा आत जाणार नाही.”